भीमाचार्यांची संथा

रविवार, ३ ऑगस्ट १९५८
बसवनगुडी, बंगळूर

पोचलो एकदाचा! पुण्याहून निघताना सुलभेनं ही वही हातात कोंबली आणि बजावलं, की पत्रातून तुम्ही थापा मारता, निदान वहीत तरी खरं लिहा. तर बाईसाहेब, खरं लिहितो. प्रवासात ट्रंक चोरीला गेली म्हणून मी दोनदा डबा डोक्यावर घेतला आणि दोन्ही वेळा ती बाकाखालीच निघाली. सहप्रवाशांनी दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघितलंही नाही.

हवा काय आहे हो इथली! ऑगस्टात अंगावर शाल घ्यावीशी वाटते. रस्त्यारस्त्याला झाडं, आणि कॉफी तर अशी, की आपण पुण्यात आजवर काय पीत होतो असा प्रश्न पडावा. कारखाना के. आर. पुरमच्या बाजूला, लांब आहे. पण कारखान्याची बस सव्वासातला कोपऱ्यावर येते. माझं काम टेलिफोनच्या टेस्टिंगचं. तयार झालेला प्रत्येक फोन कानाला लावायचा, तोंडाशी वन-टू-थ्री म्हणायचं आणि आपलाच आवाज कानात किती येतो ते बघायचं. दिवसभर स्वतःचंच बोलणं ऐकायचे पैसे! सुलभा म्हणेल, हे तर तुम्ही घरी फुकट करत होतात.

खोली मिळवून दिली माझ्या शेजारच्या टेबलावरच्या हयवदनरावांनी. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं आहे. मधेच ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, मधेच ‘सरी’ म्हणजे बरं, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी एक हेलकावा. तासाभरात मी त्यांची नक्कल त्यांनाच करून दाखवली. पोट धरधरून हसले. माझ्या गळ्याला ही खोडच आहे. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती.

घरमालक भीमाचार्य सत्तरीचे, हयवदनरावांचे गुरू. त्यांच्या पत्नी वसुमतीअक्का. मुलंबाळं नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत आचार्य शिकवतात, आणि तिच्या भिंतीला लागून माझी खोली आणि चिमुकलं स्वयंपाकघर. भिंतीत वर एक झरोका आहे. अक्कांनी पहिल्याच दिवशी जेवायला वाढलं. तीन महिन्यांनी नोकरी पक्की झाली की दिवाळीला सुलभा आणि नयना येतील.

नयनाची फार आठवण येते. अडीच वर्षांची झाली तरी पोरगी आपण होऊन बोलत नाही. फक्त माझ्या मागून म्हणते. मी ‘चिमणी’ म्हटलं की ‘चिमणी’, माझ्याच हेलात. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बापाच्या मागून म्हणते आहे तोवर शिकते आहे. निघताना मी ‘येतो’ म्हटलं, तर तीही ‘येतो’ म्हणाली.

रविवार, १० ऑगस्ट

पहाटे साडेपाचला शेजारच्या खोलीत संथा सुरू होते. पहिल्या दिवशी दचकून उठलो, आता गजर लावावा लागत नाही. आजूबाजूच्या जुन्या मराठी घरांतली आठदहा मुलंमुली येतात. पद्धत अशी, की आचार्य स्तोत्रातला एक चरण एकदा म्हणतात आणि मुलं तोच चरण दोनदा म्हणतात. चुकलं तर आचार्य म्हणतात, ‘इन्नोम्मे’. म्हणजे आणखी एकदा. पुस्तक नाही, अर्थ नाही, काही नाही. कानानं घ्यायचं आणि तोंडानं परत द्यायचं.

आता गंमत. चार वर्षांपूर्वी आचार्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. वाचा परत आली, पण मधेच एखाद्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला जीभ अडते. अडली की ते डाव्या मांडीवर जोरात थाप मारतात, आणि शब्द सुटतो. आणि मुलं? मुलं तो शब्द तिथेच अडवतात, मांडीवर थाप मारतात आणि मग सोडतात. तेही दोनदा! आठ मांड्यांवर आठ थापा. मी उशीत तोंड खुपसून हसलो.

हयवदनरावांना विचारलं, की अहो, कुणी सांगत कसं नाही त्या पोरांना? ते म्हणाले, की मुलांना वाटतं ते पाठातच आहे. नि आचार्यांना वाटतं, आपलं अडणं आता कुणाला कळण्यासारखं राहिलं नाही. अक्कांनी घरोघरी जाऊन आयांना सांगून ठेवलंय, की यावरून मुलांना कोणी हटकायचं नाही. बोलताना हयवदनरावांनी डोळे पुसले. मी विषय बदलला.

रविवार, २४ ऑगस्ट

सुलभेचं पत्र. नयना बोलायची थांबली आहे. आजी, मामा, सगळे तिच्यापुढे चिमणी-कावळा करून दमले. ती तोंड मिटून दाराकडे बघत बसते. सुलभेनं लिहिलंय, की तुमच्या आवाजाशिवाय हिचं कुलूप उघडायचं नाही. वाचून जीव तुटला. दिवाळी लवकर येऊ दे.

आज सुट्टी म्हणून मी आगाऊपणानं संथेला जाऊन बसलो. सगळ्यांत मोठा विद्यार्थी! आचार्यांना फार आनंद झाला. दहा चरण मी असे परत दिले, की मुलं वळून बघायला लागली. संथा संपल्यावर मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, की रत्नाकरा, तुझा कान देवानं दिलाय. पण तू स्वल्प वेगळं करतोस. मी जे म्हणतो ते तू घेत नाहीस, तू मला घेतोस. मी म्हटलं, शेवटी शिकणं म्हणजे नक्कलच ना, आचार्य? ते म्हणाले, की सरी, नक्कलच. मी माझ्या गुरूंची केली, त्यांनी त्यांच्या. आत कोण म्हणतंय, गुरू की शिष्य, हे ज्या दिवशी बाहेरच्याला ओळखू येत नाही, त्या दिवशी संथा पुरी. पण शिष्य ते घेतो तेव्हा त्याची मान खाली असते. तुझी वर होती.

एवढं बोलताना तीनदा अडले. तीन थापा. मी तोंड गंभीर ठेवून एकेक मोजत होतो. खरं लिहायचं म्हटलंय ना, म्हणून लिहिलं.

रविवार, १४ सप्टेंबर

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात शनिवारी माझ्या नकला ठेवल्या आहेत. तयारी जोरात. कारखान्यातला साहेब, बसचा कंडक्टर, कॉफी हॉटेलचा मालक. आणि शेवटी हुकमाचा एक्का! दाढी करताना आरशापुढे तोच घोटतो आहे. खांदा जरासा पाडायचा, जीभ दातांमागे दाबायची, डोळे मिटायचे, थाप. आज इतकी हुबेहूब जमली, की झरोक्यातून अक्कांनी विचारलं, की अहो, तुम्ही रत्नाकरच्या खोलीत कधी गेलात?

संध्याकाळी आचार्यांनी आपण होऊन चौकशी केली, की तुझा काही कार्यक्रम आहे म्हणे. मी काय म्हणणार? या ना, म्हटलं. ते कशाला येतात म्हणा! संध्याकाळी सातनंतर ते घराबाहेर पडत नाहीत.

रविवार, २१ सप्टेंबर

आले होते.

दोनशे माणूस होतं. कंडक्टरवरच टाळ्या थांबेनात. मग मी बैठक मारली आणि म्हटलं, की आता तुम्ही सगळे माझे शिष्य, मी एकदा म्हणणार, तुम्ही दोनदा. शब्द अडवला, थाप मारली. दोनशे माणसांनी शब्द अडवला आणि दोनशे थापा पडल्या. दोनदा. लोक हसून हसून रडत होते. मी ‘इन्नोम्मे!’ म्हणून ओरडलो. पुन्हा दोनशे थापा. तेव्हा मला तिसऱ्या रांगेत धुतलेलं उपरणं घेतलेले आचार्य दिसले. शेजारी अक्का.

दिसले, आणि मी थांबलो नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मला दिसले होते आणि तरी मी आणखी दोन चरण घेतले. टाळ्या चालू होत्या हो. त्या टाळ्यांतून मला उतरवेना.

मी नाव घेतलं नव्हतं. कुणाचंच घेतलं नव्हतं. पण त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं त्यांच्याकडे शिकतात.

आज पहाटे मुलं आली. आचार्यांनी पहिलाच चरण म्हणायला घेतला, आणि अडले. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच हसली. थाप ऐकू आली नाही. शब्द सुटला नाही. थोड्या वेळानं अक्कांनी मुलांना घरी जायला सांगितलं.

रविवार, २८ सप्टेंबर

आठ दिवस झाले, आचार्य एक अक्षर बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, नवीन झटका वगैरे काही नाही. संथा बंद. पहाटे साडेपाचला मला आपोआप जाग येते आणि भिंतीपलीकडे काही नसतं.

अक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज सकाळी कॉफीचा पेला दाराशी ठेवतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी नालायक माणूस आहे. कारखान्यात लोक अजून माझ्याजवळ येऊन मांडीवर थाप मारतात, आणि मी त्यांच्याबरोबर हसतो. हयवदनरावांनी मात्र टेबल बदलून घेतलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टी होती. दुपारी मन घट्ट करून आत गेलो. आचार्य भिंतीला टेकून बसले होते, फार वाळले होते. मी पायांवर डोकं ठेवलं. क्षमा मागायची होती. एवढंच म्हणायचं होतं, की आचार्य, मला क्षमा करा.

‘क्ष’वर माझी जीभ अडली. खांदा पडला. आणि माझा हात, देवाशपथ मी उचलला नाही, माझा हात माझ्या डाव्या मांडीवर खाडकन पडला, आणि मग ‘क्षमा करा’ सुटलं. त्यांच्या आवाजात. त्यांच्या तोंडावर!

अक्कांच्या हातातलं भांडं खाली पडलं. आचार्य माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मुलं संथा घेताना बघतात तसं, लक्ष देऊन. त्यांनी मान खाली घातली. ओठ हलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, ‘क्षमा करा. क्षमा करा.’

दोनदा.

संध्याकाळी दिवेलागणीला ते गेले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल तेरावा झाला. मी सगळं धावून-धावून केलं, केळीची पानं आणली, पाणी भरलं. त्यानं काय होणार आहे!

आज सकाळी सुलभेचं पत्र जरा मोठ्यानं वाचत होतो. खोलीत माणसाचा आवाज असावा म्हणून. ‘आम्ही पाच तारखेला पोचतो’ हे वाक्य वाचलं, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी तेच म्हटलं. अडत, जड जिभेनं. मग पुन्हा एकदा म्हटलं.

अक्का मागच्या अंगणात होत्या. पुढच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी कडी काढून पाहिलं. आचार्यांचं आसन, भिंत, बस.

माझ्याच मनाचे खेळ असतील. झोप नीट नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

मनाचे खेळ नाहीत. चार दिवस पारखून बघितलं. मी गप्प असलो की तिकडे सगळं गप्प. मी एक वाक्य म्हटलं की तिकडे दोनदा. पहिल्या दिवशी प्रत्येक शब्दाला थाप होती. आता चारपाच शब्दांना एखादी.

भीती वाटते का? वाटते. पण त्याहून जास्त वेगळंच वाटतं. ज्या माणसाची वाचा माझ्यामुळे गेली, तो माझ्या मागून बोलायला शिकतो आहे. मी नाही म्हणू? कुठल्या तोंडानं? एवढं एक तरी मला त्यांना परत देता येईल.

म्हणून आज पहाटे साडेपाचला अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसलो आणि नीट संथा दिली. वर्तमानपत्रातल्या ओळी, दुसरं काही मला येतच नाही. मी एकदा, ते दोनदा. चुकलं की मी म्हणायचो, ‘इन्नोम्मे’. तासाभरानं मन हलकं झालं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवार, २६ ऑक्टोबर

सात दिवस, रोज तासभर. थापा संपल्या. जडपणा गेला. पुण्याचा हेल आला. आज त्यांनी एक वाक्य म्हटलं, आणि त्यात माझी ती शेवटचा शब्द जरा ओढायची सवय होती. आपल्याला अशी सवय आहे हे मला आजवर ठाऊक नव्हतं. अंगावर काटा आला. पण शिकवणाऱ्याला बरं वाटतं तसं बरंही वाटलं.

दुपारी अक्कांनी बोलावलं. महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, की झालं ते झालं रे बाळा, तू रोज दुपारी यांच्या खोलीत बसून मला वाचून दाखवतोस, त्यानं फार आधार वाटतो. दार लावून का बसतोस पण?

मी रोज दुपारी के. आर. पुरमला असतो. टेस्टिंगवर.

मान डोलावली आणि आलो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज टेबलावर फोन कानाला लावला. वन म्हणायला गेलो. ‘व’वर जीभ अडली. सगळ्या हॉलसमोर माझा हात मांडीवर आपटला, तेव्हा शब्द सुटला. लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, नक्कल करतोय. कुणी म्हणालं, वन्स मोअर!

कानात माझा स्वतःचा आवाज यायला हवा होता. स्वच्छ. ओढून बोलणारा. तो दोनदा आला— वन, वन. मी अडलो होतो, आणि तो अडला नाही.

बसमधून येताना हयवदनरावांच्या शेजारी बसलो. थापा मारत-मारत सगळं सांगितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. म्हणाले, की अय्यो, तुम्ही आपण होऊन संथा दिलीत? ते शिष्य होऊन बसले आणि तुम्ही दिलीत? मग पुरी झाली की थांबवणार कोण?

आत कोण म्हणतंय, हे बाहेरच्याला ओळखू येत नाही त्या दिवशी पुरी. मला सांगितलं होतं त्यांनी. मांडीला मांडी लावून सांगितलं होतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

संथा बंद केली. उपयोग नाही. झोपेत बोलतो मी, सुलभा नेहमी म्हणते. तेवढंही तो घेत असेल.

तार केली— येऊ नका. संध्याकाळी उलट तार. तिकिटं काढली, निघतोय, नयना दाराशी बसून आहे.

नयना. बापाच्या आवाजाशिवाय जिचं कुलूप उघडत नाही. माझा आवाज आता कुणाकडे आहे?

दुसरीकडे खोली बघायला निघालो. तीन घरमालकांशी बोलता आलं नाही. नुसत्या थापा. तिसऱ्यानं दार लावून घेतलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठरवलं. एक अक्षर बोलायचं नाही. झोपताना तोंडावर फडकं बांधतो. जेवढं गेलं तेवढं गेलं, उरलेलं तरी—

मला शिक्षा झाली तर झाली. मी त्याच लायकीचा आहे. पण पोरीनं काय केलंय?

बुधवार, ५ नोव्हेंबर

आल्या. स्टेशनवर नयना धावत आली, कडेवर चढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत होती. मी नुसता हसलो. तिनं बोटानं माझे ओठ उघडून बघितले.

सुलभेला चिठ्ठी दिली— मौनव्रत आहे, नंतर सांगतो. ती टांग्यात रडली. म्हणाली, की पोर तीन महिने तुमच्या एका शब्दासाठी झुरतेय आणि तुम्हाला हे व्रत आत्ताच सुचलं?

घरी आलो. भिंतीपलीकडे शांत. फार शांत. ऐकणाऱ्यासारखं.

उद्या सकाळी ही वही सुलभेला वाचायला देईन. सगळी. मग इथून जाऊ. धर्मशाळेत राहू, काहीही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी

सुलभा अक्कांबरोबर भाजीला गेली. वही द्यायच्या आत गेली. मी अंघोळीला— दोन मिनिटं. दोनच.

नयना अंगणात खेळत होती. मी आवाज ऐकला. माझा. ‘नयू, चिमणी म्हण.’

आणि तिचा. तीन महिन्यांनी. किती गोड— ‘चिमणी. चिमणी.’

दोनदा.

पुढच्या खोलीचं दार आतून बंद. धक्के मारले, खांदा सोलला. उघडत नाही. खिडकीच्या गजांतून ती दिसते आहे. आसनासमोर बसली आहे, मान खाली घालून. आसनावर कुणी नाही.

‘बाबा येतो म्हण.’ ‘बाबा येतो. बाबा येतो.’ बोलते आहे! हसते आहे! देवा, किती खूश आहे ती.

सुलभा येईल. तिला सांगता येणार नाही. म्हणून इथेच पायरीवर बसून लिहितो. सुलभा, हे आधी वाच. आवाज माझा असला तरी तो मी नव्हे. नयनाला उचल आणि—

फाटक वाजलं. आली ती. वही उंच धरली. बघत नाही. आतून मी हाक मारली. मी नाही, तो. ‘सुलभा, इकडे ये, बघ आपली नयू बोलायला लागली.’ पिशवी तिथेच टाकली तिनं. हसते आहे. रडते आहे. त्या दाराकडे—

दार तिच्यासाठी उघडलं.

ओरडलो. सु— नाही सुटत. थाप मारली. सु— आणखी एक. मांडी लाल—

नयनानं खिडकीतून मला पाहिलं. बघत राहिली. लक्ष देऊन. मग तिनं एवढासा हात उचलला, मांडीवर थाप मारली, आणि म्हणाली, सु— सु—

सुलभा हसली. तिला वाटलं, मी नक्कल—

आतून माझा आवाज. शांत. इन्नोम्मे.

थाप. सु—